निसर्गाचे मुद्दल : बंगळूरच्या पाण्याचा ताळेबंद

मानवाच्या गरजा भागविण्यासाठी निसर्गाने जे जे विनामूल्य दिले आहे, त्या सर्वांना आपण नैसर्गिक साधनसंपत्ती म्हणतो. हवा, पाणी, माती, वने, खनिजे, सूर्यप्रकाश हे सारे या संपत्तीचेच घटक होत. शालेय पुस्तकांत तिचे दोन ठळक प्रकार सांगितलेले असतात. कोळसा, खनिज तेल, सोने यांसारखी संपत्ती एकदा वापरली की संपते, तर पाणी, वने, वारा यांसारखी संपत्ती पुन्हा पुन्हा निर्माण होते. पहिलीस क्षय्य आणि दुसरीस अक्षय्य असे म्हणण्याची प्रथा आहे.

‘अक्षय्य’ हा शब्द मात्र काहीसा फसवा आहे. बँकेतील मुदत ठेवीचे उदाहरण घेतले तर हे सहज ध्यानात येईल. ठेवीवर मिळणाऱ्या व्याजातच घरखर्च भागविणाऱ्या कुटुंबाला ती ठेव पिढ्यान् पिढ्या पुरते. तेच कुटुंब व्याजाबरोबर मुद्दलही खर्चू लागले, तर कितीही मोठी ठेव एक दिवस संपुष्टात येते. पाण्याचेही असेच आहे. दरवर्षी पडणारा पाऊस हे व्याज, तर तलावांत आणि जमिनीच्या पोटात साठलेले पाणी हे मुद्दल. व्याजाच्या मर्यादेत उपसा राहिला तरच पाणी अक्षय्य ठरते. ही मर्यादा ओलांडल्यावर काय घडते, याचा धडा देशाच्या माहिती तंत्रज्ञानाची राजधानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बंगळूर शहराने घालून दिला आहे.

सोन्याची खाण आणि पाण्याचा तलाव

बंगळूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणी आहेत. इंग्रजी अमदानीत १८८० च्या सुमारास तेथे आधुनिक पद्धतीचे खाणकाम सुरू झाले. १९०२ साली कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून या खाणींना वीज मिळू लागली आणि त्यानंतर तीन वर्षांनी, १९०५ मध्ये, बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. खाणी तीन किलोमीटरहून अधिक खोल गेल्या. शंभराहून अधिक वर्षांत त्यांतून ८०० टनांपेक्षा जास्त सोने निघाले. मात्र खोली वाढत गेली तसा खर्च वाढला आणि दगडातील सोन्याचे प्रमाण घटले. अखेर २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. सोने ही क्षय्य संपत्ती असल्यामुळे या घटनेचे दुःख झाले तरी आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते.

आश्चर्य वाटावे ते बंगळूरच्या पाण्याविषयी. या शहरावर वर्षाकाठी सरासरी सुमारे ९७० मिलिमीटर पाऊस पडतो. महाराष्ट्रातील कित्येक दुष्काळी तालुक्यांच्या तुलनेत तो जवळजवळ दुप्पट आहे. असे असूनही २०२४ च्या उन्हाळ्यात या शहरातील लक्षावधी नागरिकांना टँकरची वाट पाहावी लागली. पाऊस पडणाऱ्या शहरात पाणी कोठे गेले, हे जाणण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

तलावांची साखळी

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, एका खडकाळ कण्यावर वसले आहे. शहराजवळून बारमाही मोठी नदी वाहत नाही. १५३७ च्या सुमारास केंपेगौडा यांनी या नगराची पायाभरणी केली, तेव्हा ही उणीव त्यांनी ओळखली होती. म्हणूनच किल्ला आणि बाजारपेठेबरोबर तलाव बांधण्याकडेही त्यांनी आणि त्यांच्या वंशजांनी लक्ष दिले. धर्मांबुधी, केंपांबुधी, संपंगी ही त्या काळच्या तलावांची नावे.

मराठी वाचकांना या शहराविषयी विशेष जिव्हाळा वाटण्याचे एक कारण इतिहासात आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या सैन्याने बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६६९ मध्ये मल्लेश्वरम् येथील काडू मल्लेश्वर मंदिरास दिलेल्या दानाचा शिलालेख उपलब्ध आहे. या मंदिरासमोरील नंदीतीर्थात नंदीच्या मुखातून पाण्याची धार अखंड वाहते. वृषभावती नदीचा एक उगम येथेच असल्याचे मानले जाते. आज शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या वृषभावतीला पाहणाऱ्यास तिचा उगम एका तीर्थात आहे, हे सांगूनही खरे वाटणार नाही.

जुन्या तलावांचे वैशिष्ट्य असे की, ते सुटे नव्हते. शहराच्या कण्यावरून पाणी तीन दऱ्यांमध्ये उतरते. उताराच्या वरच्या अंगाचा तलाव भरला की सांडव्यावरून वाहणारे पाणी कालव्याने खालच्या तलावात जाई, तेथून पुढच्या तलावात. या कालव्यांना कन्नडमध्ये ‘राजकालुवे’ म्हणतात. पावसाळ्यात पूर आवरणे, उन्हाळ्यात सिंचन करणे आणि वर्षभर आसपासच्या विहिरींना पाझर देणे अशी तिहेरी कामगिरी ही साखळी बजावीत असे. तलावात साचणारा गाळ शेतकरी शेतात नेत, त्यामुळे तलावाची साठवणक्षमता टिकून राही आणि जमिनीचा कसही वाढे.

पाणी कोणाला, केव्हा आणि किती सोडायचे, याची जबाबदारी ‘नीरगंटी’ या गावकामगाराकडे असे. आपल्याकडे धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीत पाटकरी जे काम करीत असे, तेच हे काम. सामाईक साधनसंपत्तीचे जतन तिचे लाभार्थीच नियम करून उत्तम रीतीने करू शकतात, हा सिद्धांत मांडणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नीरगंटी आणि पाटकरी हे त्या सिद्धांताचे आपल्या मातीतील जुने दाखले होत.

ठेव मोडली

नळाचे पाणी घरोघर आले आणि तलावांचे महत्त्व लोकांच्या नजरेतून उतरले. १८९४ मध्ये अर्कावती नदीवर हेसरघट्टा येथे जलाशय झाला. तोही अपुरा पडू लागल्यावर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्यानुसार १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी येथे दुसरा जलाशय उभा राहिला. पुण्याच्या खडकवासला धरणावरील स्वयंचलित दारांमुळे विश्वेश्वरय्यांचे नाव महाराष्ट्रालाही परिचित आहे. पाणी दूरवरून येऊ लागले, तशी शहराच्या मध्यभागी असलेली तलावांची जागा मोकळी पडलेली जमीन वाटू लागली.

धर्मांबुधी तलावाच्या जागी आज मॅजेस्टिक भागातील मध्यवर्ती बसस्थानक आहे. संपंगी तलावाच्या जागी कांतीरवा क्रीडासंकुल उभे आहे. बंगळूरच्या प्रसिद्ध करग उत्सवातील विधींसाठी त्या तलावाचा एक छोटासा अवशेष तेवढा राखून ठेवला आहे. भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. टी. व्ही. रामचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहचित्रांच्या आधारे केलेल्या अभ्यासानुसार, १९७३ पासूनच्या सुमारे चार दशकांत शहरातील जलाशयांचे क्षेत्र सुमारे ७९ टक्क्यांनी, तर हरित आच्छादन सुमारे ८८ टक्क्यांनी घटले.

जे तलाव उरले, त्यांपैकी अनेकांना सांडपाण्याने ग्रासले. शहरातील सर्वांत मोठा तलाव असलेल्या बेळ्ळंदूरच्या पृष्ठभागावर रस्त्यापर्यंत उडणारा फेस साचू लागला. मलजल आणि साबण-डिटर्जंटमधील रसायने ही त्याची प्रमुख कारणे. फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये या तलावाच्या परिसरात आगी भडकल्या. आग विझविणाऱ्या पाण्याच्याच तलावाला आग लागावी, याहून मोठी विसंगती ती कोणती! डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कर्नाटक शासनास ५० कोटी रुपयांचा दंड केला आणि तलावांच्या पुनरुज्जीवनासाठी ५०० कोटी रुपये स्वतंत्र एस्क्रो खात्यात ठेवण्याचा आदेश दिला. जे जतन करण्यास फारसा खर्च आला नसता, त्याची दुरुस्ती किती महाग पडते, याचे हे जिवंत उदाहरण होय.

कावेरीचे उसने पाणी

१९७४ मध्ये कावेरी पाणीपुरवठा योजनेचा पहिला टप्पा सुरू झाला आणि शहराची मदार क्रमाक्रमाने या नदीवर आली. नदी सुमारे शंभर किलोमीटर दूर आणि शहर तिच्यापेक्षा सुमारे ५०० मीटर उंच, त्यामुळे पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवावे लागते. साहजिकच जलमंडळाच्या खर्चात विजेच्या देयकाचा वाटा फार मोठा असतो. नळातून येणारी प्रत्येक बादली विजेच्या खर्चासह येते, ही गोष्ट नळ उघडणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

कावेरीच्या पाण्यावर कर्नाटक, तमिळनाडू, केरळ आणि पुदुच्चेरी यांचा वाटा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात कर्नाटकाचा हिस्सा १४.७५ टीएमसीने वाढविला, त्यांपैकी ४.७५ टीएमसी पाणी बंगळूरच्या पिण्याच्या गरजेसाठी होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये योजनेचा पाचवा टप्पा कार्यान्वित झाला. त्यामुळे आधीच्या दररोज सुमारे १४५ कोटी लिटर पाण्यात आणखी ७७.५ कोटी लिटरची क्षमता जोडली गेली. ही मोठीच सोय झाली, यात शंका नाही. तरीही व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर हे उसने पाणी आहे. उसनवारीवर चालणाऱ्या संसाराला देणाऱ्याच्या परिस्थितीचाही विचार करावा लागतो. खोऱ्यात पाऊस कमी झाला, तर शेतकऱ्याची आणि शहरवासीयाची गरज एकाच वेळी उभी राहते.

जमिनीखालचा ओव्हरड्राफ्ट

कावेरीचे पाणी जेथे पोहोचले नाही, त्या नव्या उपनगरांनी कूपनलिकांचा आश्रय घेतला. बंगळूरच्या भूगर्भात ग्रॅनाइट व नीस जातीचा कठीण खडक आहे. वरच्या झिजलेल्या, भुसभुशीत थरात पावसाचे पाणी लवकर मुरते आणि साध्या विहिरीला ते लागते. त्याखालच्या अखंड खडकात मात्र पाणी केवळ भेगांमध्ये असते. तेथे ते झिरपण्यास फार काळ लागतो. वरचा थर आटल्यावर कूपनलिका खोल जाऊ लागल्या आणि अनेक भागांत त्यांनी हजार फुटांची मर्यादा ओलांडली. चालू खाते रिकामे झाल्यावर दीर्घ मुदतीच्या ठेवी मोडाव्यात, तसाच हा प्रकार. त्यातच सिमेंट-काँक्रीटने जमीन झाकली गेल्याने नवा भरणाही थांबला.

२०२३ मध्ये मोसमी पावसाने ओढ दिली आणि हिशेबाचा दिवस आला. मार्च २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी सांगितले की, शहरातील सुमारे १४,००० सरकारी कूपनलिकांपैकी सुमारे ६,९०० कोरड्या पडल्या आहेत. मोटारी धुण्यासाठी, बागांसाठी आणि बांधकामासाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घालण्यात आली व उल्लंघनास ५,००० रुपये दंड ठरला. खाजगी टँकरचे दरही जिल्हा प्रशासनास निश्चित करावे लागले. पाच किलोमीटरच्या आत ६,००० लिटरच्या टँकरला ६०० रुपये असा तो दर होता. म्हणजे एका लिटरला दहा पैसे. ज्यांच्या घरी नळ नाही अशा कष्टकरी वस्त्यांना हा भार सर्वाधिक जाणवला. साधनसंपत्ती संपते तेव्हा तिची किंमत प्रथम गरीब माणूस मोजतो, हे कटू सत्य आहे.

ताळेबंदात न दिसणारी घट

या ठिकाणी वाणिज्य शाखेच्या कोणाही अभ्यासकाला एक प्रश्न पडावा. कारखान्यातील यंत्र झिजले तर आपण त्याचा घसारा लावतो. खाते थकले तर बँक त्याची तरतूद करते. मात्र तलाव बुजला, भूजल खोल गेले, तर त्याची नोंद कोणत्या खातेवहीत होते? राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या रूढ पद्धतीत तलावाच्या जागी इमारत उभी राहिली की उत्पन्न वाढते, कूपनलिका खणली की वाढते, टँकरच्या पाण्याची विक्री झाली तरीही वाढते. मुद्दल मात्र घटलेले असते आणि ती घट कोठेच खर्ची पडत नाही.

ही त्रुटी दूर करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. डॉइश बँकेतील अधिकारी पवन सुखदेव यांच्या नेतृत्वाखाली २०१० मध्ये निसर्गाच्या सेवांचे आर्थिक मूल्य मांडणारा आंतरराष्ट्रीय अहवाल पूर्ण झाला. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१२ मध्ये पर्यावरण-आर्थिक लेखांकनाची चौकट स्वीकारली आणि मार्च २०२१ मध्ये परिसंस्थांच्या लेखांकनाचीही पद्धत मान्य केली. आपल्या देशाचे सांख्यिकी मंत्रालयही २०१८ पासून पर्यावरणविषयक आकडेवारीचे स्वतंत्र प्रकाशन करीत आहे.

अशा हिशेबाचा सर्वांत सोपा नमुना मात्र महाराष्ट्रातील एका खेड्याने घालून दिला. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावी वर्षाला सरासरी सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे बंगळूरच्या निम्म्याहूनही कमी. तेथील ग्रामस्थांनी पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली मृद्-जलसंधारणाची कामे केली, शेतीसाठी कूपनलिका वर्ज्य केल्या आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत घातली. पाऊस किती पडला, मुरला किती, पिण्यास किती राखायचे आणि उरलेल्यात कोणते पीक घ्यायचे, हे ग्रामसभेत ठरते. पोपटरावांना २०२० मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला. कमी पावसाचे गाव स्वयंपूर्ण होते आणि दुप्पट पावसाचे महानगर तहानते, यातील अंतर केवळ हिशेबाचे आहे.

परतफेडीची सुरुवात

बंगळूरमध्येही भरणा करण्याचे प्रयत्न होत आहेत. २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून २,४०० चौरस फुटांच्या व त्याहून मोठ्या भूखंडांवरील इमारतींना आणि १,२०० चौरस फूट व त्यापुढील नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण सक्तीचे करण्यात आले. त्याचा लाभ किती, याचे गणित सोपे आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. एक हजार चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरच्या छतावर वर्षभरात सुमारे ९०,००० लिटर पाणी पडते. त्यातील ८० टक्के हाती आले तरी ७२,००० लिटर होतात. दरडोई दररोज १३५ लिटर या प्रमाणाने चौघांच्या कुटुंबाला ते चार महिन्यांहून अधिक काळ पुरेल.

वापरण्यापलीकडचे पाणी जमिनीत सोडण्यासाठी भरणविहिरी उपयुक्त ठरतात. शहरात अशा दहा लाख विहिरी व्हाव्यात, अशी मोहीम ‘बायोम’ या संस्थेने चालविली आहे. या विहिरी खणण्याचे काम पिढीजात कौशल्य असलेले मण्णु वड्डर समाजाचे कारागीर करतात. ‘मण्णु’ म्हणजे माती. महाराष्ट्रात ज्यांना आपण माती वडार म्हणून ओळखतो, त्यांचेच हे भाऊबंद. कूपनलिकांमुळे मागे पडलेल्या एका जुन्या विद्येला यातून पुन्हा मोल आले.

तलावांच्या बाबतीत शहराच्या उत्तरेकडील जक्कूरचे उदाहरण सांगता येईल. तेथे प्रकल्पात शुद्ध केलेले सांडपाणी पाणवनस्पतींच्या उथळ पाणथळीतून फिरून तलावात येते आणि त्याचा पाझर भोवतालच्या भूजलास मिळतो. कैकोंड्रहळ्ळी तलावाचे पुनरुज्जीवन तर स्थानिक नागरिक आणि प्रशासन यांच्या सहकार्यातून साधले.

सर्वांत मोठा प्रयोग मात्र कोलारशी निगडित आहे. २०१८ पासून बंगळूरचे शुद्ध केलेले सांडपाणी कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातून कोलार जिल्ह्यातील कोरड्या तलावांत सोडले जात आहे. ते दुसऱ्या टप्प्यापर्यंतच शुद्ध केले जाते, तिसऱ्या टप्प्याचे शुद्धीकरणही व्हावे, असा आग्रह तेथील शेतकरी आणि तज्ज्ञ धरीत आले आहेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेले. हा आग्रह योग्यच म्हणावा लागेल, कारण परतफेड करायची ती चांगल्या नाण्याने करावी. तरीही एकेकाळी सोने देणाऱ्या आणि आता पाण्यावाचून तळमळणाऱ्या जिल्ह्याच्या तलावांत पुन्हा पाणी दिसू लागले, ही गोष्ट लहान नाही.

आपला वाटा

निसर्गाच्या या खात्याचे आपण सारेच संयुक्त खातेदार आहोत आणि पुढील पिढी ही त्याची वारसदार आहे. बँकांनाही यात वाटा उचलता येतो. पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांच्या सुविधांसाठी दिलेली कर्जे ठरावीक मर्यादेत अग्रक्रम क्षेत्रात गणली जातात. रिझर्व्ह बँकेने १ जून २०२३ पासून लागू केलेल्या हरित ठेवींच्या चौकटीत जलव्यवस्थापनाचाही समावेश आहे. गृहकर्जाच्या वेळी घराची कागदपत्रे पाहताना त्या घराला पाणी कोठून येणार, हा प्रश्न ग्राहकाने स्वतःस विचारणे अगत्याचे झाले आहे. पाण्यावाचून घराचे मूल्य टिकत नाही, हे २०२४ ने दाखवून दिले.

घरातील गळका नळ आजच दुरुस्त करणे, छतावरील पाणी टाकीत वा विहिरीत सोडणे, सोसायटीच्या वार्षिक सभेत आर्थिक ताळेबंदाबरोबर पाण्याचाही ताळेबंद मांडणे, या गोष्टींना कोणत्याही मोठ्या योजनेची वाट पाहावी लागत नाही. बचतीचे महत्त्व सांगताना ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण बँकेच्या व्यासपीठावरून आजवर असंख्य वेळा उच्चारली गेली आहे. आता तिचा मूळ अर्थ आठवण्याची वेळ आली आहे. थेंब साचण्यासाठी आधी तळे शिल्लक असावे लागते, आणि ते शिल्लक ठेवणे हीच आपल्या पिढीची खरी मुदत ठेव ठरेल.